खोबरेल तेलाचे टायर

कॅनडातल्या रेजिना शहरात मराठी मंडळींचा दसरा दोनदा होतो. पहिला पंचांगाप्रमाणे, म्हणजे खरं तर पंचांगाच्या आसपासच्या वीकेंडला, कारण हॉल तेव्हाच मिळतो. त्या दिवशी सगळे एकमेकांना एल्मची पानं सोनं म्हणून देतात. आपटा या थंडीत जगत नाही आणि एल्मला कोणी विचारलेलं नाही. दुसरा दसरा त्याच्या पुढच्या शनिवारी, शशिकांत दबीर यांच्या गॅरेजमध्ये. त्या दिवशी शस्त्रपूजा. शस्त्रं म्हणजे एक कॉम्प्रेसर, एक रबरी हातोडा, चपट्या टोकाच्या लोखंडी टॉम्या आणि कुठल्याशा शेतावरच्या लिलावातून उचलून आणलेलं, टायर उतरवायचं हातयंत्र. पूजा झाली की मंडळाच्या गाड्यांचे उन्हाळी टायर रिमवरून उतरतात आणि बर्फात पकड धरणारे विंटर टायर चढतात. उतरवणारे शशिकाका आणि चढवणारेही शशिकाकाच. बाकीचे लोक मृणालिनीकाकूंचा उपमा खात उभे राहतात आणि अधूनमधून ‘काका, यू आर अमेझिंग’ म्हणतात.

यंदा त्या शनिवारी सकाळी काका अंथरुणातून उठले, पण त्यांचा उजवा खांदा उठला नाही. तो मागे गादीवरच राहिल्यासारखा वाटला. काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे थोडा वेळ पाहत बसले. खिडकीबाहेर आकाश शिशाच्या रंगाचं झालं होतं. रेडिओवर बाई सांगत होती की उद्या बर्फ पडणार. ती हे दरवर्षी अशा सुरात सांगते, जणू आम्ही अर्ज केला होता आणि तो मंजूर झाला.

‘यंदा सांगायचंच,’ काका मनात म्हणाले.

काय सांगायचं, ते गेल्या वर्षी ठरलं होतं, त्याच्या आधल्या वर्षीही. मंडळी, हे शेवटचं वर्ष. आता माझ्याच्याने होत नाही. एवढं साधं वाक्य. पण काकांच्या तोंडातून ते निघत नव्हतं. आपण नाही म्हटलं तर या पोरांचं काय होणार, ही चिंता त्यांना खाई. ही पोरं पन्नाशीच्या पुढची होती. त्यांतल्या काहींना गुडघ्याचे पट्टे लागले होते, काहींची मुलं स्वतः गाड्या चालवत होती. तरी काकांच्या लेखी ती परदेशात नव्यानेच आलेली, दुकानदारांनी फसवायला टपलेली पोरंच होती.

काका मूळचे कराडचे. तिथे मेकॅनिकल इंजिनिअर झाले, सत्तरच्या दशकात इकडे आले आणि प्रांताच्या रस्ते खात्यात बर्फ काढायच्या यंत्रांचा सांभाळ करत निवृत्त झाले. सांभाळ म्हणजे सही. माणसाच्या उंचीचे टायर त्यांच्या सहीने येत, त्यांच्या सहीने बसत आणि त्यांच्या सहीने भंगारात जात. नोकरीच्या सबंध काळात त्यांनी एकाही टायरला हात लावला नाही. निवृत्तीनंतर मात्र ते हात आणि टायर असे एक झाले की आता काकूंनी शेकहँडवरूनसुद्धा नवरा ओळखला असता; तळव्याची कातडी थेट रबरासारखी झाली होती.

त्यांची स्वतःची काही तत्त्वं होती. पहिलं तत्त्व: विंटर टायरसाठी वेगळा रिम घ्यायचा नाही. कॅनडातला कुठलाही शहाणा माणूस रिमचा दुसरा संच घेतो, म्हणजे चाकच्या चाक बदलता येतं. काकांना हे पटत नसे. एका गाडीला दोन संच रिम म्हणजे एका माणसाला दोन सांगाडे, असं ते म्हणत. ‘मी आहे ना,’ हे त्याचं शेपूट. त्यामुळे मंडळातल्या प्रत्येक गाडीला रिमचा एकच संच होता आणि दर ऑक्टोबरात प्रत्येक टायर त्याच्यावरून सोलून काढावा लागे.

दुसरं तत्त्व तेलाचं. ट्यूबलेस टायरच्या पोटात ट्यूब नसते. हवा राहते ती टायरची कड रिमच्या काठात घट्ट बसते म्हणून. ती कड रिमवरून सरकवताना काहीतरी बुळबुळीत लावावं लागतं, आणि सगळं जग साबणाचं पाणी लावतं. काका खोबरेल तेल लावत. त्यामागे त्यांचं संशोधन होतं. साबणाचं पाणी सुकून जातं; खोबरेल मात्र थंडीत गोठतं. म्हणजे चढवताना तेल आणि चढल्यावर मेण. कड आणि रिम यांच्यातली बारीकशी फटसुद्धा भरून निघणार, आणि तीही नेमकी हिवाळ्यात. निसर्गाने नारळ बनवला तेव्हा त्याला विंटर टायरची कल्पना नसावी, पण काकांना ती जोडणी दिसली. दरवर्षी त्या शनिवारी सकाळी काकू गोठलेल्या खोबरेलाची बाटली पातेल्यातल्या गरम पाण्यात उभी करत. गॅरेजभर गौरी-गणपतीच्या दिवसांसारखा वास सुटे.

हे संशोधन कोणी तपासून पाहिलं नव्हतं. मुलगी अनन्या ओटावाला असते, तिथल्याच कनाटा नावाच्या उपनगरात नोकरी करते, ती फोनवर म्हणायची, “बाबा, जस्ट पे समवन.” काका म्हणायचे, कोणाला? आणि समवनवर विश्वास काय? तिचे टायर दुकानात बसतात हे ती वडिलांना सांगत नसे. जावई सांगून बसला होता एकदा. त्यानंतर काकांनी त्याच्याशी बरेच दिवस फक्त हवामानाबद्दल बोलणं ठेवलं होतं.

तर यंदाचा शनिवार. पूजा झाली. कॉम्प्रेसरला हळदकुंकू लागलं, टॉम्यांवर झेंडूऐवजी दुकानातली शेवंती पडली. सगळ्यांत आधी संजय आणि सीमा आले. ही दोघं काकांची सर्वांत जुनी गिऱ्हाइकं, दरवर्षीची पहिली. संजय विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो आणि स्वतःच्या घरात खिळा ठोकायलाही माणूस बोलावतो. तो गाडीतून उतरला तोच काळजीच्या चेहऱ्याने, काका, आज नको का, तुम्ही थकलेले दिसता, असं काहीसं बोलला. काकांना वाटलं, हीच वेळ. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सीमाने उपम्याचा वास घेत म्हटलं, “काकांशिवाय आमचा हिवाळा सुरूच होत नाही बाई.” काकांनी उघडलेलं तोंड तसंच जांभई देऊन मिटलं आणि टॉमी उचलली.

संजयचे टायर चढेपर्यंत काकांनी खांद्याशी निम्मे करार मोडले होते. काम साधं नाही. आधी जुन्या टायरची कड रिमपासून फोडायची. ती सबंध उन्हाळाभर तिथे चिकटून बसलेली असते आणि घर सोडायला कुळासारखी नाखूश असते. मग टॉमी आत घालून कड वर काढायची, दुसरी टॉमी थोड्या अंतरावर, मग पहिली पुढे, असं रिमभर फिरायचं. मग नवा टायर, तेल, पुन्हा तीच प्रदक्षिणा उलट दिशेने, गुडघा टायरवर रोवून. मग हवा. हवा भरताना कड रिमच्या काठात बसते तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, एकदा आतल्या बाजूचा, एकदा बाहेरचा. तो आवाज काकांना फार आवडे. पूर्वी तो आला की ते मान वर करून बघत, कोणी ऐकलं का. यंदा आला तेव्हा त्यांनी नुसते डोळे मिटले.

दुपारी संजय-सीमा निघाले. ग्रोसरीला जायचं आहे म्हणाले. काकूंनी डब्यात उपमा दिला. जाताना संजयने काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन थँक यू म्हटलं, आणि काकांना वाटलं, पोरगा किती मनापासून म्हणतो. मधल्या वेळात आणखी दोघांचे टायर झाले. त्या दोघांनाही काका सांगणार होते. एकाला सांगायच्या वेळी त्याच्या आईच्या आजारपणाचा विषय निघाला, दुसऱ्याने सांगायच्या आधीच पेढे हातावर ठेवले.

शेवटी नंदन आला.

नंदन नागपूरचा, शहरात आयटीत काम करणारा, मंडळात नवा. गेल्या वर्षी त्याचे टायर केले तेव्हा त्याच्याकडे काडेपेटीएवढी गाडी होती. यंदा तो फोर व्हील ड्राइव्ह घेऊन आला. काकांच्या ड्राइव्ह-वेवर ती उभी राहिली तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरातला उजेड कमी झाला. सेकंडहँड घेतली, त्याने सांगितलं, उद्या बायकोच्या, सुरुचीच्या आईला सॅस्कटूनच्या विमानतळावरून आणायचं आहे, त्या पहिल्यांदा येतायत, आणि उद्या बर्फ. मागे नवे विंटर टायर होते. काकांनी एकावर हात ठेवला. टायरची बाजू त्यांनी दाबून पाहिली आणि ती दबली नाही.

“हे कसले टायर रे?”

“काका, दुकानवाला म्हणाला हेवी ड्यूटी. खडीच्या रस्त्यावर कापले जात नाहीत.”

काकांना इथेच थांबता आलं असतं. नंदनही, काका नाहीतर राहू द्या, मी कुठेतरी बघतो, असं म्हणत होता. आणि ते जरा आशेने म्हणत होता, हे काकांच्या सोडून सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. पण काकांना त्यात फक्त एक बिचारा जावई दिसला, ज्याची सासू उद्या विमानातून उतरणार. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, मग लाकडाच्या ठोकळ्यांवर बसवली, चारही चाकं काढली आणि चारही रिमवरचे जुने टायर आधी सोलून काढले. एकेक करून करायला हवं होतं. पण काकांच्या अंगात सकाळपासून जे काही शिल्लक होतं ते त्यांनी एकदाच काढून टाकलं, संपलं की विचारच करायला नको म्हणून.

मग पहिला टायर. कडक टायरची कड रिमवर सरकेना. नंदन मदतीला धावला आणि त्याने टॉमी अशी धरली, जणू सासूबाईंचं सामान उचलतोय. काकांनी त्याला टायरवर उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. त्याच्या वजनाने आणि खोबरेलाच्या कृपेने कड एकदाची आत गेली. हवा लावली. कॉम्प्रेसर गुरगुरला, हवा आत गेली आणि सगळ्या बाजूंनी फुस्स करत बाहेर आली. टायर गोदामात रचून ठेवलेले असतात. वरच्यांच्या ओझ्याने खालच्यांच्या कडा आत चेपतात, मग त्या रिमच्या काठापर्यंत पोचत नाहीत. मऊ टायर हवेने फुगतो आणि पोचतो. हा फुगायलाच तयार नव्हता.

काकांनी व्हॉल्व्हची आतली पिन काढली, म्हणजे हवा जोरात जाईल. फुस्स. सामान बांधायचा रुंद पट्टा टायरभोवती आवळला, म्हणजे मध्ये दाबला की कडा बाहेर फाकतील. एका क्षणी कड काठाला टेकली आणि नंदनने श्वास रोखला. मग पट्टा सुटला. पुन्हा तेल, पुन्हा पट्टा. त्या घरगुती कॉम्प्रेसरचा एकूण दमच एवढा होता, आणि काकांचाही. नंदनने मध्येच एक सूचना केली, एवढा एक राहू दे, तीनच विंटर टायर लावू. काकांनी थकलेल्या आवाजात त्याला सांगितलं की चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला एक टायर वेगळा लावला तर तिच्या पोटातली दातेरी चाकं एकमेकांशी भांडून मरतात. तुझ्या गाडीचं मंडळासारखं नाही, तिथे सगळ्यांना सारखंच चालावं लागतं.

मग ते टायरवर बसले. नुसते बसले. काकू दारात आल्या होत्या. गॅरेजचं दार उघडं होतं आणि थंडी आत येऊन कॉम्प्रेसरवरच्या कुंकवाशी बसली होती. काकांनी हातातली टॉमी जमिनीवर ठेवली. टाकली नाही, ठेवली, पूजेतली होती म्हणून.

“चल, दुकानात नेऊ,” ते म्हणाले.

नंदनला ते नीट ऐकू आलं नाही, किंवा आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. काकांनी पुन्हा म्हटलं. त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये चार टायर आणि चार रिम भरताना नंदन इतक्या चपळाईने काम करत होता, की सबंध दुपार हा पोरगा कुठे होता असा प्रश्न काकांना पडला.

शहराच्या पूर्वेला जे टायरचं दुकान आहे त्याच्या काउंटरवर हरलीन नावाची मुलगी होती. बर्फाच्या आदल्या दिवशी टायरच्या दुकानात जे असतं ते सगळं तिथे होतं. लांबलचक रांग, करपलेल्या कॉफीचा वास आणि आपण पहिले आहोत असं समजणारी माणसं. नंदनने एक रिम काउंटरजवळ नेऊन ठेवला. हरलीनने मान तिरकी करून वास घेतला आणि हसली.

“ये भी नारियल वाला?”

नंदन गडबडला. काका मागे उभे होते. त्यांनी हिंदीत विचारलं, नारियल वाला म्हणजे काय. त्यात एवढं काही नव्हतं, हरलीन कीबोर्डवर बोटं चालवता चालवता सांगू लागली. दर ऑक्टोबरात असे लोक येतात. टायर लावलेले असतात, पण गाडी हायवेला थरथरते. ब्रेक मारला की टायर रिमवर सरकतो, तेलामुळे. मग इथे येऊन पुसून, धुऊन, पुन्हा बसवून, बॅलन्स करून घेतात. मागची मुलं त्यांना कोकोनट टायर म्हणतात.

“कोई अंकल हैं, घर पे लगाते हैं,” ती म्हणाली. “बेचारे अकेले होंगे. लोग दिल रखने के लिए जाते हैं.”

काकांनी यावर बराच विचार केला.

“अकेले नहीं हैं,” ते म्हणाले. “बीवी है.”

हरलीनने ते कॉम्प्युटरमध्ये भरायची माहिती समजून मान डोलावली आणि त्यांना बसायला सांगितलं.

बसायच्या खोलीत एका ओळीत खुर्च्या होत्या. काका आत शिरले आणि त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर सीमा दिसली. तिच्या मांडीवर काकूंचा डबा उघडा होता आणि चमचा तोंडापाशी. शेजारी संजय काचेतून आत बघत होता, जिथे त्यांची गाडी हवेत उचललेली होती आणि तिची चारही चाकं नव्हती. सकाळी काकांनी घट्ट आवळलेले सगळे नट एका बशीत पडले होते.

“अय्या, काका,” सीमा म्हणाली. “आम्ही ना, वायपर बदलायला...”

त्याच वेळी संजय म्हणाला की ते वॉशरूमला आले होते. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढी वर्षं हे दोघे इथे येत होते, पण पकडले गेल्यावर काय सांगायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं, यावरून ते किती सज्जन होते हे कळतं.

काका त्यांच्या शेजारी बसले. खुर्ची मऊ होती, खोली उबदार होती. काचेपलीकडे एक मुलगा संजयच्या रिमची कड फडक्याने पुसत होता. मग त्याने रिम एका यंत्रावर ठेवला, पायाने काहीतरी दाबलं, आणि जे करायला काकांना गुडघा, खांदा आणि अर्धा तास लागत असे ते यंत्राने एका वळणात केलं. काकांना वाटलं, आता आपल्याला राग यायला हवा. त्यांनी थोडी वाट पाहिली. राग आला नाही. तो कुठेतरी खांद्याबरोबर गादीवरच राहिला असावा.

“थरथरते का रे?” त्यांनी विचारलं.

संजय काचेकडेच बघत राहिला. “शंभरच्या वर गेलं की थोडी. सीमाच्या बांगड्या वाजतात.”

“पहिल्यापासून?”

“तसं... पहिल्यापासूनच म्हणायचं.”

“मग बोलला का नाहीत कधी? एवढा शिकलेला माणूस तू.”

संजयने सीमाकडे पाहिलं. सीमाने डब्याचं झाकण लावलं, ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा लावलं.

“काकू फोन करतात ना,” ती हळूच म्हणाली. “दर सप्टेंबरला. म्हणतात, या बरं का, ते वाट बघतायत. मग कसं नाही यायचं, काका?”

काकांनी मान हलवली. बांगड्यांच्या तालावर सबंध मंडळ इतके हिवाळे दुकानापर्यंत जात होतं आणि एकालाही तोंड उघडायचं धैर्य झालं नव्हतं. आणि आपण? आपणही ‘शेवटचं वर्ष’ हे दोन शब्द गिळत तेवढेच हिवाळे काढले. नंदन कॉफी घेऊन आला आणि सीमाला पाहून दारातच थबकला. गेल्या वर्षी तोही या खोलीत बसला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून काकांना कळलं. ये, बस, ते त्याला म्हणाले, आता सगळे आपलेच आहेत.

चौघांनी उरलेला उपमा संपवला. थंड झाला होता. थोड्या वेळाने आतून आवाज आला, बंदुकीच्या बारासारखा, आणि लगेच दुसरा. नंदनचा पहिला टायर बसला. काकांनी सवयीने मान वर केली.

घरी येऊन नंदनच्या गाडीची चाकं चढवेपर्यंत अंधार पडला होता. या वेळी नट नंदननेच आवळले, काकांनी फक्त कुठला कधी ते सांगितलं. तो गेल्यावर काका स्वयंपाकघरात आले. काकू उपम्याची कढई घासत होत्या. वर्षातून एकदा निघणारी ती सर्वांत मोठी कढई, जिच्यात काकू स्वतः बसू शकतील. त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि घासता घासता मधूनच थांबत होत्या, हात नुसता कढईवर ठेवून. काकांनी हे आजच पाहिलं. दरवर्षी या वेळेला ते टीव्हीसमोर झोपलेले असत.

“तू फोन करतेस सगळ्यांना,” ते म्हणाले.

काकूंचा हात थांबला. कोण बोललं, त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं, दुकान, हरलीन, वायपर, बांगड्या, सगळं. काकूंनी नळ बंद केला. हात पदराला पुसायची सवय अजून होती, पण पदर नव्हता, स्वेटर होता. त्या त्यालाच पुसून खुर्चीवर बसल्या.

“अहो, रिटायर झाल्यावर तुम्ही बेसमेंटमध्ये जाऊन बसायचात,” त्या म्हणाल्या. “डाळींच्या बरण्या काढून वजनाप्रमाणे लावायचात. दुसऱ्या दिवशी उंचीप्रमाणे. जेवायला हाक मारली तरी वर येत नव्हतात. मला भीती वाटली. मग सीमाला म्हटलं, तुमचे टायर घेऊन ये एकदा. ती आली. त्या रात्री तुम्ही दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात.”

“म्हणून दरवर्षी?”

“एकदा सुरू केल्यावर थांबवू कशी? तुम्ही म्हणायचात, पोरांना माझी गरज आहे.”

“तूच म्हणायचीस, लोकांना गरज आहे.”

“हो. मग तुम्ही म्हणायला लागलात.”

काकाही टेबलापाशी बसले. बाहेर पहिला बर्फ, रेडिओवरच्या बाईने सांगितल्यापेक्षा थोडा आधीच, दिव्याखाली भुरभुरायला लागला होता. काकूंनी विचारलं की नंदनची गाडी पोचेल ना नीट सॅस्कटूनला. काका म्हणाले पोचेल, साबण लावलाय त्यांनी. मग थोड्या वेळाने ते म्हणाले, “मृणाल, मी दमलो गं.”

एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. ते म्हणत, आज जरा हवा वेगळी आहे. ते म्हणत, टॉमी जुनी झाली. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कढईकडे पाहिलं.

“मीसुद्धा,” त्या म्हणाल्या.

आता प्रश्न एवढाच उरला, लोकांना सांगायचं कोणी. काका म्हणाले, फोन तू करायचीस, तूच सांग. काकू म्हणाल्या, टायर तुम्ही चढवायचात. यावर दोघांनी बराच वेळ एकमेकांवर सोपवून पाहिलं आणि शेवटी काकूंनी फोन स्पीकरवर टाकून सीमाचा नंबर लावला. पुढच्या वर्षीपासून टायर बंद, काका दमलेत, खांदा साथ देत नाही, असं त्या एका दमात बोलून गेल्या.

“अय्या, असं कसं काकू,” सीमाचा आवाज आला, अगदी गहिवरलेला. “आता आमचं काय होणार? काकांसारखे टायर कोण लावणार?”

तेवढ्यात पलीकडून, जरा लांबून, एका पुरुषाने सोडलेला सुस्कारा ऐकू आला. रिमवरून हवा सुटावी तसा लांब, मोकळा सुस्कारा. संजयला फोन स्पीकरवर आहे हे कळलेलं नसावं. मग सीमाने घाईघाईने विचारलं, पण काकू, पूजा तरी ठेवाल ना? आणि उपमा?

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका खांदे हलवत आहेत हे त्यांना आधी कळलं नाही. मग दिसलं की ते हसतायत, आवाज न करता, आणि प्रत्येक हसण्याबरोबर उजवा खांदा दुखून तोंड वाकडं करतायत. पूजा ठेवू, काकू म्हणाल्या, उपम्याचं तुम्ही सगळे मिळून बघा. पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग सीमा म्हणाली की ती शिकून घेईल. फोन ठेवल्यावर काकूंना वाटलं, पुढच्या दसऱ्याला आता तो उपमा आपल्याला भिडेखातर खावा लागणार.

त्या उठल्या. ओट्यावर ती बाटली होती, सकाळी गॅरेजमध्ये गेलेली आणि अर्धी होऊन परत आलेली. तेल पुन्हा गोठून पांढरं झालं होतं. काकूंनी पातेल्यात पाणी तापवलं आणि बाटली त्यात उभी केली.

“शर्ट काढा,” त्या म्हणाल्या.

काकांनी डाव्या हाताने बटणं सोडली. उजव्या बाहीत हात अडकला, तो काकूंनी सोडवला. कोमट तेल खांद्यावर पडलं, काकूंचा तळवा त्याच्यावरून सरकला, आणि काकांना कबूल करावं लागलं की सरकायच्या कामात या तेलाला तोड नाही. ते काहीतरी सांगायला लागले होते, गोठण्याच्या तापमानाबद्दल, पण वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांची मान पुढे झुकली. काकू चोळत राहिल्या. कढई सिंकमध्ये तशीच होती.